पाकिटातल्या गोळ्या, गौरीपूजनाचा सोमवार आणि सासूबाईंनी आणलेली पट्टी

चाळीतली_सून | ११ ऑगस्ट २०२५, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

वय २७, लग्नाला दीड वर्ष. गिरगावात सासरी राहतो. मूल अजून दोन वर्षं नको, हे आम्हा दोघांचं ठरलंय आणि घरात कुणालाही सांगितलेलं नाही. एप्रिलपासून गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत, डॉक्टरांना दाखवूनच. २१ पांढऱ्या, ७ तपकिरी. पाकीट ऑफिसच्या पर्समध्ये आतल्या खणात असतं, रात्री गच्चीवर फोन घ्यायला गेले की एक घेऊन टाकते.

आधी माझी पाळी म्हणजे कधी ३३ दिवस, कधी ४०, ऑडिट असलं की दीड महिना. आता दर चौथ्या रविवारी रात्री, फार तर सोमवारी सकाळी. चार वेळा असंच झालं. सासूबाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करून ठेवलीय! त्या खुणेप्रमाणे पुढची येणार ३१ ऑगस्टला, म्हणजे नेमकी गौरी आवाहनाच्या दिवशी. दुसऱ्या दिवशी पूजन.

काल सासूबाईंनी कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्यांची पट्टी आणून माझ्या हातात ठेवली. "तीन दिवस आधी सुरू कर, दिवसाला तीन." मी मान डोलावली, दुसरं काय करणार?

माझ्या गोळ्या चालू असताना वरून याही घ्यायच्या का? आणि आधी ४० दिवस लावणारी पाळी एकदम घड्याळ लावल्यासारखी कशी यायला लागली? आतून काही बिघडलं तर नाही ना?

---

कांदेपोहे | ११ ऑगस्ट, रात्री ११:५८

सोप्पंय गं. तपकिरी गोळ्या घ्यायच्याच नाहीत. पांढऱ्या संपल्या की दुसऱ्या दिवशी नव्या पाकिटातली पांढरी सुरू. मी माझ्या लग्नात हेच केलं होतं, हळदीपासून पूजेपर्यंत काही त्रास नाही. तरी डॉक्टरांना विचार.

---

आजी_ऑनलाइन | १२ ऑगस्ट, सकाळी ६:१०

आमच्या वेळी अशी अडचण आली की जाऊबाई करायच्या. त्यांची आली की मी. गौर काही रुसायची नाही. शरीराचं जे चाललंय ते चालू द्यावं, सणासाठी त्याला कशाला गोळ्या घालायच्या?

---

कांदेपोहे | १२ ऑगस्ट, सकाळी ८:३२

आजी, तुमच्याकडे जाऊबाई होत्या. दीड खोलीत ही एकटी आहे. (दिवे घ्या.)

---

टाका_दोरा | १२ ऑगस्ट, दुपारी ३:०५

स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, पूर्व उपनगरात. ओपीडी आत्ता संपली, चहा होईस्तोवर लिहिते. इथलं वाचून आपला आपण बदल करू नका, ज्यांनी गोळ्या दिल्या त्यांना एक फोन करा.

सूनबाई, बिघडलेलं काही नाही. मुळात तुला येते ती पाळीच नव्हे.

गोळ्या नसताना काय होतं बघ. बीजकोशातून बीज सुटतं आणि सुटल्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी अस्तर गळून पडतं. हे दोन आठवडे बहुतेकींचे फारसे हलत नाहीत. हलतो तो आधीचा भाग, बीज सुटेपर्यंतचा. ताप, जागरण, वजन, तुझं ते ऑडिट, सगळं तिथे आडवं येतं आणि तारीख लांबते. म्हणजे पाळीला उशीर होतो म्हणतो तेव्हा खरा उशीर बीजाला झालेला असतो.

गोळ्यांवर बीज सुटतच नाही. बीजकोश झोपलेले. पांढऱ्या गोळीतल्या दोन संप्रेरकांवर एक पातळ अस्तर तेवढं टिकून असतं. तुझी शेवटची पांढरी गुरुवारी रात्री. शुक्रवारपासून तपकिरी, म्हणजे नुसतं लोह. आधार काढून घेतला की दोन ते चार दिवसांत अस्तर सुटतं. गुरुवारी आधार काढला, रविवारी रक्तस्राव. ही तारीख पाकिटाची आहे, तुझी नाही. म्हणून ऑडिट असो नसो, ती हलत नाही. अस्तर पातळ, म्हणून स्राव कमी. बऱ्याच जणी "घाण आत साचून राहते" म्हणून घाबरतात. आत साचायला काही तयारच झालेलं नसतं.

आता कांदेपोहे म्हणतात ते. तपकिरी सोडून लगेच पुढचं पाकीट सुरू केलं तर आधार चालू राहतो, स्राव पुढे जातो. तुझ्यासारख्या एकाच ताकदीच्या पांढऱ्या गोळ्यांच्या पाकिटावर हे चालतं. काही पाकिटांत आठवड्यागणिक मात्रा आणि रंग बदलतात, तिथे एवढं सरळ नाही. संप्रेरकांविना सात दिवस हे मुळात शरीरासाठी ठेवलेच नव्हते. १९५० च्या दशकात अमेरिकेत ही गोळी घडवणाऱ्यांना ती नैसर्गिक वाटायला हवी होती, म्हणून महिन्याचा स्राव राखला. १९६० मध्ये तिथे तिला गर्भनिरोधक म्हणून मान्यता मिळाली आणि तो रिवाज जगभर चालू राहिला. ब्रिटनमधल्या तज्ज्ञांच्या संस्थेने २०१९ मध्ये स्पष्ट लिहिलं की या सात दिवसांच्या खंडाने तब्येतीला कसलाही फायदा होत नाही.

चहा आला. सासूबाईंच्या पट्टीबद्दल रात्री लिहिते. तोवर ती फोडू नकोस.

---

रात्रपाळी | १२ ऑगस्ट, दुपारी ४:२०

बाप रे. पाच वर्षं घेतेय आणि दर महिन्याला "आली एकदाची" म्हणून हुश्श करते. म्हणजे ते हुश्श खोटं?

---

टाका_दोरा | १२ ऑगस्ट, रात्री ९:४५

@रात्रपाळी, गोळ्या नीट घेत असशील तर हुश्श खरंच आहे, फक्त पुरावा कच्चा. दिवस राहूनही थोडं रक्त दिसू शकतं. उलट काही जणींना अस्तर फारच पातळ झाल्यामुळे एखाद्या महिन्यात स्राव येतच नाही आणि दिवसही राहिलेले नसतात. गोळी चुकली नसेल तर घाबरू नये. चुकली असेल किंवा लागोपाठ दोन वेळा आला नाही, तर लघवीची चाचणी करावी.

आता ती पट्टी. मेडिकलमध्ये "पाळी पुढे ढकलायची गोळी" म्हणून देतात ती बहुधा नॉरएथिस्टेरॉन, ५ मिलिग्रॅम. पाळीच्या तीन दिवस आधीपासून दिवसाला तीन, बंद केली की दोन-तीन दिवसांत स्राव. काम करते, नाही असं नाही. पण तीन गोष्टी.

ही अशी दहा दिवस घेतली म्हणून दिवस राहायचे थांबत नाहीत. हा गैरसमज लग्नसराईत दरवर्षी माझ्या टेबलासमोर येऊन बसतो.

दुसरं, या मात्रेत तिचा काही भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो, तुझ्या पांढऱ्या गोळीतल्या दोन संप्रेरकांपैकी ते एक. म्हणजे रक्ताच्या गुठळीचा धोका तिथेही आला. पूर्वी गुठळी झालेली, आधी डोळ्यांपुढे चकाकी येऊन मग अर्धशिशी उठणारी, यकृताचा आजार असलेली, रक्तदाब असलेली, धूम्रपान करणारी, या बायकांनी ती काउंटरवरून उचलायची नाही.

तिसरं तुझ्यासाठी. तू आधीच गोळ्यांवर आहेस. आधार काढलाच नाही तर स्राव येणारच नाही. मग वरून तीन-तीन कशाला? एका छत्रीत चालताना दुसरी उघडण्यासारखं आहे ते.

---

जुनी_सायनवाली | १३ ऑगस्ट, सकाळी ११:१५

वरच्या गुठळीवर कुणी हसू नका. माझ्या नणंदेने यात्रेला निघताना त्याच गोळ्या चिठ्ठीशिवाय घेतल्या, वीस दिवस. जाताना-येताना बसमध्ये बसून प्रवास. घरी आली तर डावी पोटरी टम्म, हात लावू देईना. आम्ही आपलं तेल चोळतोय! चौथ्या दिवशी डॉक्टरांनी सोनोग्राफी करवली तर शिरेत गुठळी. रक्त पातळ करायच्या गोळ्या सहा महिने. चोळलं म्हणून डॉक्टर आम्हालाच ओरडले, आणि बरोबरच होतं. मेडिकलवाल्याने एका शब्दाने विचारलं नव्हतं.

---

मी_माझी_छत्री | १३ ऑगस्ट, दुपारी १२:०२

मग रोजच्या गर्भनिरोधक गोळ्यांनीही हे होतं का? आता भीतीच वाटायला लागली.

---

टाका_दोरा | १३ ऑगस्ट, दुपारी ३:३०

धोका असतो, आकडा मात्र डोळ्यांपुढे असू दे. गोळ्या न घेणाऱ्या १०,००० बायकांत वर्षाला साधारण २ जणींना गुठळी होते. लेव्होनॉरजेस्ट्रेल असलेल्या नेहमीच्या गोळ्यांवर ५ ते ७. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर त्याहून जास्त. म्हणून डॉक्टर आधी बीपी बघतात आणि घरात कुणाला गुठळी झाली होती का ते विचारतात. एक पोटरी सुजून दुखली, अचानक धाप लागली किंवा छातीत दुखलं तर तेल न चोळता थेट दवाखाना.

---

पंचांगवाले_काका | १३ ऑगस्ट, सायंकाळी ७:१०

पुरुष आहे, बायकांच्या धाग्यात आलो म्हणून माफी. पण गणित कच्चं राहिलंय.

नवीन पाकीट २९ ऑगस्टला सुरू केलं तर त्यातल्या २१ पांढऱ्या संपतात १८ सप्टेंबरला, गुरुवारी. तीन दिवस धरा. रविवार २१ सप्टेंबर सर्वपित्री अमावास्या, सोमवार २२ घटस्थापना. गौर सोडवलीत आणि घटात अडकवलीत!

अवांतर: याच मुंबईत १९२१ साली र. धों. कर्व्यांनी संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि त्या कामापायी विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी सोडावी लागली. ते कॉलेज गिरगाव चौपाटीसमोर आजही उभं आहे. शंभर वर्षांनी तिथून हाकेच्या अंतरावर एका सुनेला पाकीट पर्समध्ये लपवावं लागतं, याची गंमत वाटली. म्हणजे गंमत नाही, पण तुम्हाला कळलं असेल.

---

कांदेपोहे | १३ ऑगस्ट, सायंकाळी ७:१४

काका _/\_

---

चाळीतली_सून | १३ ऑगस्ट, रात्री ११:३०

काका, हसू की रडू! आमच्याकडे घटही बसतात. आता?

---

टाका_दोरा | १४ ऑगस्ट, दुपारी २:५०

काकांना ओपीडीत नेमायला हवं.

पण दुसरं पाकीट पूर्ण संपवलंच पाहिजे असं नाही. खंड घेण्याआधी पांढऱ्या सलग किमान २१ झालेल्या असाव्यात, आणि खंड सातच्या वर जाऊ नये. हे दोन सांभाळलं की मधलं सैल आहे. तुझ्या डॉक्टरांशी बोलताना हा हिशेब पुढे ठेव: या पाकिटातल्या पांढऱ्या २८ ऑगस्टपर्यंत, तपकिरी सोडून २९ पासून नव्या पाकिटातल्या दहा, म्हणजे रविवार ७ सप्टेंबरपर्यंत. सलग ३१ झाल्या. मग सात दिवस काही नाही. साधारण बुधवारी, १० तारखेला येईल. पितृपक्ष, कुणी बोलवायला येत नाही. स्राव चालू असो वा थांबलेला, १५ सप्टेंबरला, सोमवारी, नवं पाकीट. पुढचा स्राव ऑक्टोबरच्या ७-८ तारखेला, दसरा २ ला होऊन गेलेला. दिवाळी मधल्या पांढऱ्यांत. उरलेल्या ११ पांढऱ्या जपून ठेव, उलटी वगैरे झाली तर लागतात.

खंडाचे दिवस वाढू द्यायचे नाहीत, हे मात्र सगळ्यांनीच ऐका. पाकिटाच्या मधली एक गोळी विसरली तर बायका हवालदिल होऊन फोन करतात. नवं पाकीट दोन-तीन दिवस उशिरा सुरू केलं तर कुणी करत नाही, आणि नेमकं तेच जास्त धोक्याचं. सात दिवसांत बीजकोश कूस बदलायला लागलेले असतात, आणखी दोन-तीन दिवस दिले की उठून बसतात.

आणि सूनबाई, सलग घेताना मधेच डाग लागू शकतो. तुला पहिल्या पाकिटात लागला असेल, पहिल्या तीन महिन्यांत तर नेहमीचंच आहे. गोळी निकामी झाली असा त्याचा अर्थ नाही, पण पूजनाच्या दिवशी काहीच दिसणार नाही अशी हमी मी देत नाही.

---

रात्रपाळी | १४ ऑगस्ट, सायंकाळी ६:२५

माझी पाळी म्हणजे शिफ्ट आठवड्याला बदलते. कधी रात्री दहाला घेते, कधी पहाटे पाचला. चालतं? आणि गोळी घेतल्यावर ट्रेनमध्ये उलटी झाली तर? ऑफिसातल्या एकीला टीबीचं औषध सुरू झालंय, तीही याच गोळ्या घेते, तिच्यासाठीही विचारतेय.

---

टाका_दोरा | १४ ऑगस्ट, रात्री १०:१०

पाच-सात तासांनी बिघडत नाही. वेळ ठरलेली असावी ती विसरू नये म्हणून. एक राहिली तर आठवताक्षणी घे, पुढची तिच्या वेळेला, एका दिवशी दोन झाल्या तरी चालेल. दोन किंवा जास्त राहिल्या तर चुकलेल्यांपैकी शेवटची तेवढी घे, पुढे रोजच्यासारख्या, आणि सलग सात पांढऱ्या होईपर्यंत निरोध वापरा. पाकिटाच्या पहिल्याच आठवड्यात राहिल्या असतील आणि त्या दिवसांत संबंध आला असेल, तर तेवढ्यावर थांबू नका, डॉक्टरांना विचारा. पाकिटात सातपेक्षा कमी पांढऱ्या उरल्या असतील तर तपकिरी सोडून थेट नवं पाकीट. घेतल्यापासून तीन तासांच्या आत उलटी झाली तर आणखी एक.

टीबीवाल्या मैत्रिणीला मात्र आजच सांग. रिफाम्पिसिन असेल तर यकृत ही संप्रेरकं भराभर मोडून टाकतं आणि गोळी पुरी पडत नाही. मधेमधे डाग लागणं ही तिथे खूण असू शकते. मिरगीच्या काही औषधांचंही तसंच, कार्बामाझेपिन, फेनिटॉइन. तिने टीबीचं औषध अजिबात थांबवायचं नाही, गर्भनिरोधक बदलायचं. तांबी उत्तम. घसा-ताप यांसाठीच्या साध्या अँटिबायोटिक्सने असं होत नाही, ते ऐकीव आहे.

---

अनामिक_विक्रोळी | १५ ऑगस्ट, रात्री १२:४८

धाग्याचा विषय नाही, पण कुठे विचारू? संबंधानंतर ७२ तासांच्या आत घ्यायची ती एकच गोळी घेतली होती. तारखेच्या वर पाच दिवस झालेत. खूप घाबरलेय.

---

टाका_दोरा | १५ ऑगस्ट, सकाळी ७:२०

ती गोळी बीज सुटणं पुढे ढकलते, म्हणून पाळीही पुढेमागे होते. पाच दिवस चालतात. सात दिवसांच्या वर गेली किंवा संबंधाला तीन आठवडे झाले की सकाळच्या पहिल्या लघवीची चाचणी कर. नकारात्मक आली आणि तरी पाळी नाही, तर आठवड्याने पुन्हा. पोटात एका बाजूला जोरात दुखलं तर वाट न बघता दवाखान्यात जा. आणि कुणालातरी सांग गं, एकटीने रात्री पाऊणला घाबरत बसू नकोस.

---

आशाताई_नव्हे | १५ ऑगस्ट, सकाळी ९:४०

सरकारी केंद्रात मिळणारी "छाया" मी घेते, तिच्याबद्दल कुणीच बोललं नाही. लखनौच्या सरकारी प्रयोगशाळेत शोधलेली, आपल्याच देशातली. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. तिच्यात संप्रेरक नाही, त्यामुळे वरचं पाकिटाचं गणित तिला अजिबात लावू नका. माझी पाळी सुरुवातीला दहा-बारा दिवस लांबली होती. १५ दिवसांच्या वर गेली तर चाचणी करायची असं सिस्टरनी सांगून ठेवलं होतं, म्हणून जीव थाऱ्यावर राहिला.

---

खरा_संस्कारी | १५ ऑगस्ट, सकाळी १०:०५

(प्रतिसाद काढून टाकला आहे. – संपादक मंडळ)

---

आजी_ऑनलाइन | १५ ऑगस्ट, सकाळी १०:३०

संपादकांनी काढायच्या आधी वाचला मी. मेल्याच्या आईने खस्ता खाल्ल्या असतील.

सूनबाई, मी सुरुवातीला बोलले ते मागे घेत नाही, पण तुझं घर तुला ठाऊक. डॉक्टर म्हणतात तसं कर.

---

चाळीतली_सून | ३ सप्टेंबर, रात्री ११:५५

काल गौरीगणपती गेले. आज पाय पसरून बसलेय, म्हणून लिहिते.

डॉक्टरांना फोन केला होता, त्यांनी टाका_दोरा ताईंचाच हिशेब मान्य केला. २९ पासून नव्या पाकिटातल्या पांढऱ्या चालू आहेत. आवाहन निर्विघ्न. खड्यांच्या गौरी असतात आमच्याकडे, नळावरून सात खडे मीच आणले. पूजनाच्या दिवशी पहाटे पाचला बाथरूममध्ये बघते तर डाग. चॉकलेटी, नाण्याएवढा. त्यानंतर दिवसभर काही नाही. मी कुणाला सांगितलं नाही. घावन घालत राहिले, घाटलं ढवळत राहिले. बरोबर की चूक हे इथे कुणी ठरवू नका, प्लीज.

खरं सांगायचंय ते वेगळंच. सासूबाईंनी मला दिली ती पट्टी माझ्या कपाटात तशीच होती. पूजनाच्या संध्याकाळी त्यांच्या औषधांच्या डब्यात काहीतरी शोधत होते तर तिथे दुसरी पट्टी, अर्धी संपलेली. त्यांनी दोघींसाठी आणल्या होत्या! त्यांचं वय ४९, पाळी अजून येते, कधीही येते. त्याच डब्यात बीपीची गोळी. विचारलं तर म्हणाल्या, "चौदा वर्षं गौरीला घेतेय, काय झालंय मला?"

मी जुनी_सायनवालींच्या नणंदेची गोष्ट सांगितली. त्या थांबून म्हणाल्या, "तुला एवढं कसं गं माहीत?" मग मी पर्समधून पाकीट काढून ओट्यावर ठेवलं. काय झालं कळलं नाही, हात आपोआप गेला. त्यांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं. कुठल्या गोळ्या संपल्यात ते बघितलं. मग आतून मामंजींची हाक आली, तसं ते माझ्याच हातात परत देऊन म्हणाल्या, "ओलं होईल. उचल."

तेवढंच. त्यानंतर विषय नाही.

---

टाका_दोरा | ४ सप्टेंबर, दुपारी ३:१५

सासूबाईंना आज फोन करायला सांग आणि त्यांच्या बीपीच्या डॉक्टरांकडे ने. ती गोळी पुढे घ्यायची नाही. बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत स्राव येईल, जरा जास्तही येईल. पायात सूज, पोटरीत दुखणं आहे का ते आत्ता विचार, उद्या नाही. आणि ४९ व्या वर्षी "कधीही येते" हे तपासून घ्यायला हवं, विशेषतः मधेच किंवा खूप जात असेल तर. सोनोग्राफीने सुरुवात होते.

तुझ्या डागाचं काही नाही. गोळ्या चालू ठेव.

---

पंचांगवाले_काका | ४ सप्टेंबर, सायंकाळी ६:४०

रविवारी शेवटची पांढरी, विसरू नका.

---

चाळीतली_सून | ११ सप्टेंबर, सकाळी ८:०५ (चर्नी रोड, स्लो)

काल बुधवारी आली, दुपारी. काका, शंभरपैकी शंभर.

सासूबाईंना शनिवारी नेलं. बीपी १५६/९८. पायाला सूज नाही. बीपीचं औषध वाढवलंय, सोनोग्राफी येत्या मंगळवारी. पट्टी त्यांनी स्वतःच कचऱ्यात टाकली, पण त्याआधी मेडिकलमध्ये परत घेतात का ते विचारून आल्या होत्या. भिंतीवरच्या कॅलेंडरवर १० तारखेला खूण आहे. १५ तारखेभोवती पेन्सिलने बारीक गोल आहे, तो मी केलेला नाही.